हळवं की गरवं? कोकणातल्या भातासाठी पीक-मॉडेल कसं वापरावं

दक्षिण रत्नागिरीत एका शेतकरी गटाबरोबर काम करणाऱ्या कृषी पदवीधराने विचारलं आहे: ‘पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. पीक-मॉडेल वापरून आमच्या भातशेतकऱ्यांना काही उपयोगाचं सांगता येईल का? कुठलं मॉडेल घ्यावं, माहिती किती लागते, आणि आंब्यालाही ते चालेल का?’

भातासाठी नक्की सांगता येईल. फक्त ‘यंदा गुंठ्याला किती भात होईल’ हे मॉडेलला विचारू नका. त्याचं उत्तर ते दोन दशांश स्थळांपर्यंत देईल आणि ते उत्तर हमखास चुकेल. या खाचरात, या मातीत हळवं (लवकर तयार होणारं) लावावं की गरवं (उशिरा तयार होणारं), तरवा, म्हणजे लावणीची रोपं, रोहिणीत धूळवाफ्यावर पेरावा की मृगाचा पाऊस बघून, खताचा दुसरा हप्ता कधी द्यावा, हे विचारा. ज्याचा निर्णय शेतकऱ्याच्या हातात आहे असाच प्रश्न घ्यायचा आणि तो मागच्या तीस वर्षांच्या हवामानावर तपासायचा. गेली वीसेक वर्षं मी हेच काम करते आहे, आणि मॉडेलचा खरा उपयोग मला याच ठिकाणी झालेला दिसला.

मॉडेल म्हणजे पिकाची रोजकीर्द. रोजचं कमाल आणि किमान तापमान, पाऊस आणि ऊन एवढं त्याला दिलं, की ते त्या दिवशी पान किती वाढलं, मुळांनी पाणी किती ओढलं, नत्र किती मिळालं आणि किती वाहून गेलं याचा हिशोब मांडतं. दुसऱ्या दिवशी शिल्लक पुढे ओढून पुन्हा तेच. पीक पक्व होईपर्यंत असे शंभर-सव्वाशे दिवस चालतं. भाताच्या मॉडेलमध्ये साधारण ९ अंशांच्या वरचीच उष्णता हिशोबात धरतात. म्हणजे दिवसाचं सरासरी तापमान २७ असेल तर त्या दिवसाच्या खात्यावर १८ एकक जमा. दाणा भरायला एखाद्या जातीला ४५० एकक लागत असतील तर ते २५ दिवसांत पुरे होतात. हवा गरम झाली की दिवस कमी होतात, आणि दिवस कमी झाले की दाणा भरायला वेळ कमी मिळतो. तापमानवाढीचा भातावरचा सगळ्यात साधा परिणाम हा आहे, आणि तो मॉडेल चांगला पकडतं.

आता कोकणाचं वेगळेपण. तीन हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याची चिंता कसली, असं देशावरच्या माणसाला वाटतं. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. प्रत्यक्षात आपल्या खरिपाच्या भाताला तीन गोष्टी नडतात आणि तिघी वेगवेगळ्या महिन्यांत येतात.

पहिली म्हणजे ऊन. जुलैत कित्येक दिवस सूर्य तासभरही दिसत नाही. आपल्या अक्षांशावर जुलैच्या निरभ्र दिवशी दर चौरस मीटरला सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तासभरच ऊन पडलेल्या दिवशी ती ११ च्या आसपास येते. हा अंदाज सूर्यप्रकाशाच्या तासांवरून ऊर्जा काढण्याच्या नेहमीच्या सूत्राचा आहे, तुम्हीही कागदावर करून बघा. निम्म्याहून कमी उन्हात रोप फुटवे धरत असतं. ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की हीच ऊर्जा २० च्या वर जाते. गरव्याचा दाणा त्या उन्हात भरतो, म्हणून पाणी पुरलं तर गरवं जास्त देतं. आपल्या आजोबांना हे माहीत होतं. त्यातला उन्हाचा वाटा किती आणि जातीचा किती, हे मॉडेल वेगळं करून दाखवतं.

दुसरी गोष्ट उघडीप. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पाऊस दहा-बारा दिवस गेला की मळ्याच्या, म्हणजे ओल धरणाऱ्या सखल शेतीला काही होत नाही, पण कातळाला लागून असलेल्या जांभ्या मातीच्या वरकस (उंचावरच्या, उथळ) तुकड्यात भात माना टाकतं. तिसरी गोष्ट कापणीचा पाऊस. मुंबईतून मॉन्सून माघारी जायची सर्वसाधारण तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. १० जूनला पेरलेलं ११५-१२० दिवसांचं हळवं ३ ते ८ ऑक्टोबरला तयार होतं, म्हणजे नेमकं परतीच्या पावसाच्या तोंडात. १३५-१४० दिवसांचं गरवं २३ ते २८ ऑक्टोबरला तयार होतं. ते या पावसातून सुटतं, पण दाणे भरताना पाऊस संपलेला असला तर जांभ्यावर पाण्यावाचून अडकतं. शिवाय २०१९ साली ऑक्टोबरअखेर क्यार वादळाचा पाऊस आला तेव्हा शेतात कापून ठेवलेल्या भाताला कोंब फुटले, आणि २००९ चं फयान तर ११ नोव्हेंबरला आलं. म्हणजे निर्धोक तारीख कुठलीच नाही. कुठल्या तारखेला कुठला धोका किती वेळा येतो, एवढंच मोजता येतं, आणि ते मोजणं हेच मॉडेलचं काम.

कुठलं मॉडेल, याचं माझं उत्तर सरळ आहे. लावणीच्या भातासाठी डीएसएसएटीपासून सुरुवात करा. ते १९८९ पासून वापरात आहे, विनामूल्य मिळतं, आणि त्यातल्या भाताच्या मॉडेलमध्ये बांधाची उंची, चिखलणी, जिरपण्याचा वेग असं खाचराचं सगळं देता येतं. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं इन्फोक्रॉप आपल्या परिस्थितीसाठीच बनवलेलं आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं ओरायझा फक्त भातासाठी आहे. खारजमिनीचा प्रश्न असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं अ‍ॅक्वाक्रॉप बघा, त्यात क्षारांचा ताण हिशोबात येतो. चारही शिकायच्या नादी लागू नका. एक घ्या आणि त्याचे गुणदोष हाताला कळेपर्यंत वापरा.

माहितीच्या बाबतीत मात्र मी जरा वेळ घेणार आहे, कारण कोकणात बहुतेक कामं इथेच फसतात.

पावसाच्या नोंदी आधी बघू. भारतीय हवामान विभागाची चौकटवार पावसाची आकडेवारी १९०१ पासून आहे. तिची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटरची. समुद्रापासून सह्याद्रीपर्यंतची आपली पट्टी ५० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अख्खी रुंदी दोन-तीन चौकटींत संपली. किनाऱ्यावरचा पाऊस आणि घाटपायथ्याचा पाऊस यांत दीडपट-दुपटीचा फरक असतो, आणि चौकटीत दोन्हींची सरासरी होऊन बसते. त्या सरासरीचा पाऊस कुठल्याच गावात पडत नाही. सरासरीत उघडीपही बुजून जाते: खाली किनाऱ्यावर दहा दिवस कोरडे गेले तरी घाटाकडच्या सरींमुळे चौकट ओलीच दिसते. म्हणून पावसासाठी शक्य तितक्या जवळच्या पर्जन्यमापकाची जुनी नोंद मिळवा. तालुक्याच्या नोंदी, राज्याच्या महावेध प्रकल्पाची महसूल मंडळातली स्वयंचलित हवामान केंद्रं, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची आणि त्याच्या संशोधन केंद्रांची आकडेवारी, हे सगळं धुंडाळा. महावेधच्या नोंदी अलीकडच्या आहेत, त्यामुळे तीस वर्षं एकट्या त्यांवर भागत नाहीत. जुन्या चौकटीच्या आकड्यांना नव्या केंद्राच्या नोंदीशी ताडून दुरुस्त करावं लागतं. उन्हासाठी नासाच्या पॉवर या संचातून १९८४ पासूनचे रोजचे आकडे फुकट मिळतात. तापमान आणि ऊन पावसाएवढं गावागणिक बदलत नाही, तिथे हे चालून जातं.

मग माती. इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे, ती सांगते. सुरुवातीच्या एका कामात मॉडेलबरोबर येणारी तयार माती मी उचलली, दीड मीटर खोल. चालवून बघितलं तर तीस वर्षांत एकदाही भाताला पाण्याचा ताण पडलेला दिसेना. निष्कर्ष लिहून मी वाडीवर सांगायला गेले. एक काकी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘बाय, हितं पहार हातभर जात नाय. खाली कातळ हाय.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पहारीने सात ठिकाणी खोली मोजली. कुठे एक फूट, कुठे दीड. मातीची खोली बदलून तेच मॉडेल पुन्हा चालवलं, तर जी वर्षं गावाला दुष्काळाची म्हणून आठवत होती ती एकामागून एक दिसू लागली. मॉडेलचा काही दोष नव्हता, मी त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी देशातली माती दिली होती.

मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळतात, पण मॉडेलला सगळ्यात आधी लागते ती खोली आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद, आणि त्या दोन्ही पत्रिकेत नसतात. खोलीसाठी पहार पुरे. जिरपण्याच्या वेगासाठी दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा चिखलणी झालेल्या खाचरात वीतभर रोवा, आत पाणी भरा, पट्टीवर खूण करा, वर झाकण ठेवा आणि पाऊस नसलेल्या दिवशी चोवीस तासांनी पाणी किती उतरलं ते वाचा. एकाच शेतकऱ्याच्या मळ्यात आणि वरकसात हा आकडा इतका वेगळा येतो की दोन्हींसाठी एकच सल्ला देणं चूक ठरतं. म्हणून गावाची माती ‘एक’ धरू नका. निदान दोन धरा: मळा आणि भरड, म्हणजे वरकस.

यानंतर जातीची ओळख मॉडेलला करून द्यायची. प्रत्येक जातीचे काही गुणांक असतात: वाढीला किती उष्णता लागते, दिवसाच्या लांबीला ती किती दाद देते, दाणे किती धरते, दाणा किती वजनाचा. कर्जत-३ सारखी हळवी आणि कर्जत-२ सारखी गरवी यांचे गुणांक तुम्हाला प्रत्यक्ष शेतातल्या नोंदींवरून बसवावे लागतील. आधी तारखा जुळवा: पेरणी, लावणी, फुलोरा, पक्वता. त्या जुळल्यावरच उत्पादनाकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर उत्पादनाचा आकडा जुळेल, पण चुकीच्या कारणाने जुळेल, आणि हवामान बदललं की सगळं कोसळेल. दोन वर्षांच्या नोंदींवर गुणांक बसवले तर तिसरं वर्ष बाजूला ठेवून त्यावर तपासा. गावठी गरव्या जातींत आणखी एक काळजी घ्या. त्यातल्या काही दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतात, त्यामुळे उशिरा लावल्या तरी फुलोरा फारसा पुढे जात नाही, फक्त वाढीचे दिवस कमी होतात. दिवसाच्या लांबीचा गुणांक नीट बसवला नाही तर उशिराच्या लावणीचं तुमचं सगळं गणित चुकतं.

तरव्याचं वयही प्रामाणिकपणे द्या. शिफारस तीन आठवड्यांच्या रोपाची असते. पाऊस खंडला, माणसं मिळाली नाहीत, पॉवर टिलर दुसऱ्याच्या शेतात अडकला, की लावणी पाच आठवड्यांवर जाते आणि तिथेच फुटवे कमी होतात. मी आता प्रत्येक तारखेसाठी दोन वयं चालवते, २१ दिवस आणि ३५ दिवस. तो फरक शेतकऱ्यांना दाखवला की वाडीतली लावणीची पाळी कशी लावायची यावर त्यांचं बोलणं आपोआप सुरू होतं.

एवढी तयारी झाली की मुख्य काम एका दिवसाचं आहे. तीन जाती, चार पेरणीच्या तारखा, दोन माती, तीस वर्षं. ७२० वेळा मॉडेल चालतं, आणि साध्या संगणकावर फार वेळ लागत नाही. आलेल्या उत्पादनाची सरासरी काढून थांबू नका. प्रत्येक वर्षी पक्वतेची तारीख काय आली ते घ्या आणि त्याच वर्षाच्या पावसाच्या नोंदीत त्या तारखेपासूनचे पुढचे पाच दिवस बघा. कापून, वाळवून, उडवी रचेपर्यंत एवढे दिवस जातातच. त्यात दहा मिलीमीटरच्या वरचा पाऊस आला की ते वर्ष ‘भिजलं’ म्हणून टिपा. कापणीच्या पावसाने झालेलं नुकसान मॉडेल दाखवत नाही, त्याच्या लेखी पीक पक्व झालं की हिशोब संपला. ही जोड हाताने द्यावी लागते, आणि कोकणात या जोडीशिवाय मॉडेलचा सल्ला अर्धवट राहतो. कारण मॉडेल उत्पादनाच्या जोरावर एखादी जात वर काढतं आणि तीच जात तीस वर्षांतली कित्येक वर्षं शेतात कुजलेली असते.

माझ्या कामातून पुन्हा पुन्हा समोर आलेलं चित्र असं: मळ्यात, जिथे ऑक्टोबरातही ओल राहते, तिथे गरव्याचं पारडं जड. भरडावर गरवं लावू नये, तिथे हळवंच, पण पेरणी आठवडाभर पुढे ढकलून, म्हणजे कापणी परतीच्या पावसाच्या मागे जाते. मधल्या जमिनीत निमगरवं. सगळं शेत एकाच जातीखाली घालणाऱ्याला वाईट वर्षी सर्वांत मोठा फटका बसतो. तुमच्या गावात हे असंच येईल असं धरू नका, तुमचा पाऊस आणि तुमची पहार काय सांगते ते बघा.

खताचंही मॉडेलवर चांगलं तपासता येतं. फेकलेला युरिया जुलैच्या मुसळधार पावसात किती टिकतो हे रोजकीर्दीत स्पष्ट दिसतं. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचतात. मॉडेलमध्ये खताची खोली बदलून हा फरक बघता येतो, आणि गोळ्या खोचायला लागणारी मजुरी त्यातून सुटते का, याचा हिशोब शेतकऱ्याबरोबर बसून करता येतो.

मॉडेलला काय दिसत नाही तेही सांगणं तुमची जबाबदारी आहे. वाऱ्याने आडवं पडलेलं भात त्याला दिसत नाही. नदीचं पाणी चार दिवस शेतात राहिलं, तर पाण्याखाली गुदमरलेलं रोप बहुतेक मॉडेलांना समजत नाही. त्यांच्या हिशोबी पाणी मुबलक आहे. खोडकिडा, निळे भुंगेरे, करपा, रानडुक्कर यांतलं काहीच नाही. खाडीकाठी बांध फुटून खारं पाणी आत आलं तर साधं भाताचं मॉडेल निरुपयोगी, तिथे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या क्षार सोसणाऱ्या पनवेल जाती आणि बांधाची डागडुजी यांनाच आधी हात घाला.

पुढच्या काळाबद्दल विचारणारे ‘२०५० साली आमच्या गावात काय होईल’ असं विचारतात. जागतिक हवामान मॉडेलांचे आकडे गावपातळीवर उतरवून मी सल्ला देत नाही. त्यांची चौकट एवढी मोठी असते की सह्याद्रीचा कडाच तिच्यात पुसट होतो. त्याऐवजी तीच तीस वर्षं घ्या, तापमान रोज १ अंशाने, मग २ अंशांनी वाढवा, आणि कुठल्या जातीला किती झळ बसते ते बघा. कार्बन डायऑक्साइड वाढवला की मॉडेल उत्पादन वाढवून दाखवतं. भात त्याला दाद देतं हे खरं, पण नत्र कमी पडलं तर तो फायदा पदरात पडत नाही. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा, नाहीतर उष्णतेचं नुकसान झाकलं जातं. रात्रीच्या तापमानाकडे विशेष लक्ष द्या. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदींवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशाने वाढलं की भाताचं उत्पादन १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आपल्याकडे त्याचा संबंध आधी वायंगणाशी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताशी लावावा, खरिपाशी जपून.

आंब्याबद्दल थोडक्यात सांगते. डीएसएसएटीत आंबा नाही, आणि ‘हापूसचं उत्पादन सांगणारं मॉडेल’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. झाडाचं वय, मागच्या वर्षीचा बहर, मोहोरासाठी दिल्या जाणाऱ्या कल्टार या वाढरोधकाचा वापर, तीन टप्प्यांत येणारा मोहोर, तुडतुडे आणि फुलकिडी हे सगळं एका रोजकीर्दीत बसवणं फार अवघड आहे. मात्र उष्णतेची एककं इथेही उपयोगी पडतात. प्रत्येक टप्प्याच्या मोहोराची तारीख लिहून बागेतल्या तापमानावरून फळ काढणीला कधी येईल याचा अंदाज बांधा, म्हणजे वाशीची गाडी आणि माणसं आधी ठरवता येतात. त्याहून जास्त आज तरी मागू नका.

शेवटी, हे शेतकऱ्यांपुढे मांडायचं कसं? आलेख घेऊन जाऊ नका. ‘संभाव्यता ०.७’ म्हणू नका. ‘भरडावर गरवं लावलं असतं तर दहातली सात वर्षं दाणा पोचट राहिला असता’ असं म्हणा, आणि ती वर्षं नावानिशी सांगा. लोक लगेच आठवायला लागतात: ते वर्ष बरोबर, हे चूक, त्या साली आमच्याकडे पाऊस होता. ते जिथे ‘चूक’ म्हणतात तिथे थांबून लिहून घ्या, माझ्या बहुतेक दुरुस्त्या अशाच बैठकांतून झाल्या आहेत. तारखा नक्षत्रांत सांगा. आणि ऐन हंगामात दापोलीहून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला त्याला जोडा. मॉडेल जात आणि आठवडा ठरवायला मदत करेल, उद्या फवारणी करावी का, हे त्या पत्रकातूनच कळेल.

संगणकाकडे वळण्याआधी एक हंगाम नुसती वही करा. पाच शेतकरी निवडा, दोन मळ्याचे, तीन भरडाचे. पेरणी, लावणी, निम्मी फुलं आल्याची तारीख, कापणी; तरव्याचं वय; खत कधी, किती; खाचरातलं पाणी आटलेले दिवस; रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचा आकडा; कापणीला एक चौरस मीटरमधलं भात झोडून, वाळवून केलेलं वजन. आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर, त्याच्या शेतात पहार किती खोल जाते ते.